समोरची बाजू

१

वाकळ एकटीनं शिवू नये असं काही शास्त्र नाही, पण आमच्या डोंगरकडा गावात ती कोणी एकटीनं शिवत नाही. ओसरीत जुनी पातळं एकावर एक अंथरायची, चारी कडांवर दगड ठेवायचे, एकीनं अलीकडच्या काठाला बसायचं आणि दुसरीनं पलीकडच्या. मग दोघींनी ओळीनं टाके घालत मध्याकडे सरकायचं. वाकळ पुरी होईपर्यंत समोरचीचं तोंड बघावंच लागतं, त्यामुळे घरातली किती तरी भांडणं आमच्याकडे वाकळीवरच मिटली आहेत.

माझ्यासमोर एकवीस वर्षं माझी थोरली जाऊ निर्मलाबाई बसली. ती डावखुरी. माझे टाके सरळ पडत आणि तिचे किंचित तिरके, वाऱ्यानं कललेल्या ज्वारीसारखे. तिचा एक गुडघा उठताना कटकन वाजायचा. मी हसायचे, आणि ती म्हणायची, "हास, हास. तुझा बी वाजंल एक दिवस."

आमच्यात एक नियम होता. मी लग्न होऊन आले तेव्हा निर्मलाबाईची वैष्णवी पाळण्यात होती. पोर रडलं की आम्ही दोघी एकदमच उठायचो, दगड सरकायचे आणि वाकळीचे थर हलायचे. ती तर तिची आईच. मला लेकरू झालं नाही, पण ते कळायच्याही आधीपासून मला त्या पोरीचं वेड होतं. शेवटी निर्मलाबाईनंच ठरवून टाकलं. "जिची सुई आधी मधात येईल तिनं उठायचं आन पोरीला घ्यायचं. मागं राहील तिनं आपली बाजू पुरी केल्याबिगर जागचं हलायचं न्हाई."

बहुतेक वेळा मीच आधी उठायचे. माझा हात चलाख आहे, याचा मला फार गर्व होता.

२

आमच्या वाकळी मोबाईलवर विकायचं डोकं वैष्णवीचं. ती हिंगोलीला कॉलेजात असताना तिनं एका वाकळीचा फोटो ॲपवर टाकला आणि आठ दिवसांत ती वाकळ थेट ठाण्याला गेली. ठाण्यातलं कुणी तरी आपण नेसलेली, धुतलेली, उशाला घेतलेली पातळं पांघरणार, याचं निर्मलाबाईला काही दिवस हसूच येत होतं.

तेव्हाची संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. चुलीवर चहा, अंगणात हळदीच्या पाल्याचा वास, आणि ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली. तिला अक्षरओळख नव्हती. "वाच गं आशा, काय म्हणून राहिले लोक," ती म्हणायची, आणि मी गिऱ्हाइकांचे अभिप्राय मोठ्यानं वाचायचे. पाच तारे आले की ती हाताची पाचही बोटं पसरून दाखवायची. इतकं सुख आम्हाला कशानंच झालं नव्हतं. मी सगळं वाचून दाखवायचे असं नाही, पण बहुतेक.

मग एकदा एकच तारा आला. लिहिलं होतं, 'अर्धी वाकळ वाकडी शिवली आहे. एकसारखं काम नाही.' ते मात्र मी शेजारच्या दोन बाया बसलेल्या असताना वाचलं. निर्मलाबाईनं आपला डावा हात पदराखाली घेतला.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. दुपारी ती शेतात डबा घेऊन गेली की मी तिच्या बाजूचे टाके उसवायचे आणि माझ्या हातानं परत घालायचे. महिनाभर हे चाललं. एका दुपारी ती लवकर परत आली. दारात उभी राहून तिनं माझ्या मांडीवरचा उसवलेल्या दोऱ्यांचा गुंता पाहिला आणि एवढंच म्हणाली, "मला सांगतीस तर मीच उसवलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती वाकळीवर बसली नाही. भादव्यात तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. मी ॲप उघडायचं सोडून दिलं.

३

या दिवाळीनंतर वैष्णवी बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचे वडील तर आईच्याही आधी गेलेले; माहेर म्हणजे आता मी आणि माझे मालक संतराम, तिचे काका. तिला सातवा संपत आला होता, बसून बसून कंटाळली होती. एक दिवस मोबाईल घेऊन माझ्यापुढे बसली.

"काकू, दुकान परत उघडू."

"आता कोण घेतंय?"

"लोक घेऊन राहिले की. फक्त आपलं जुनं खातं बंद पडलंय. फीडबॅक सगळे गेले. पहिल्यापासून मिळवावे लागतील."

आमच्या नावापुढे 'नवीन विक्रेती' असं आलं. दोन वर्षांत कमावलेले सगळे तारे गेले, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला हलकं वाटलं, हे कबूल करते. तो एक ताराही त्यांच्याबरोबर गेला होता.

मी ओसरी सारवून पातळं अंथरली. एकटीनं शिवायचं म्हणजे आपल्या काठापासून थेट समोरच्या काठापर्यंत जायचं. बसायच्या आधी मी दोन सुयांत दोरा ओवला. एक माझ्याकडे ठेवली आणि एक समोरच्या काठाला टोचून ठेवली, जिथं निर्मलाबाई बसायची. सवयीनं ठेवली, असं मी मनाला सांगितलं.

दहा दिवसांची वाकळ आठव्या दिवशी उरकली. चष्म्याचा नंबर वाढला तरी हात अजून चलाख आहे म्हणून मी खुशीत होते. लातूरच्या बाईंनी ती घेतली आणि पाच तारे दिले. वैष्णवीनं वाचून दाखवलं, 'दोघींच्या हाताची माया कळते. समोरासमोर बसून शिवलेली वाकळ हल्ली मिळत नाही.'

"दोघी कुठून काढल्या हिनं?" मी म्हणाले.

"अंदाजानं लिहिलं असंल. त्यांना काय ठाऊक, तुमी एकट्या बसून राहिल्या."

मलाही ते पटलं. लातूरची बाई म्हणजे वाकळ कशी शिवतात हे तिला माहीत असणारच.

४

दुसरी वाकळ नाशिकला गेली. त्या गिऱ्हाइकानं अभिप्रायाबरोबर फोटो टाकला होता. खाटेवर वाकळ, आणि तिचा एक कोपरा अगदी जवळून. मी फोटो बोटांनी मोठा केला. कोपऱ्यातले टाके तिरके होते.

मी आधी चष्मा पुसला. मग वैष्णवीनं कधी तरी सांगितलेलं आठवलं, की स्वतःकडचा कॅमेरा लावला की फोटोत उजव्याचं डावं होतं. तसंच झालं असणार, म्हणून मी भाजी निवडायला बसले. पण मेथीची जुडी निम्मी झाल्यावर उठून परत मोबाईल घेतला. खाटेमागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याच्यावरचे आकडे सुलटे होते.

मग मी स्वतःलाच दटावलं. उजेड तिरका पडला की टाके तिरके दिसतात. बाई म्हातारी होत चाललीस, म्हटलं, आणि भाजी फोडणीला टाकली.

तिसरी वाकळ तेव्हा ओसरीत अंथरलेली होती. दोन दिवसांनी मी शिवत शिवत समोरच्या काठाजवळ पोचले. अजून थोडी जागा उरायला हवी होती, तर माझी सुई आधीच शिवलेल्या ओळीवर जाऊन थांबली. त्या काठाकडून चार बोटं शिवून झाली होती. मी टाक्यांवरून अंगठा फिरवला. डोळे फसतात, अंगठा फसत नाही. तो हात मला झोपेतही ओळखू आला असता.

समोर टोचलेल्या सुईतला दोरा टिचभर उरला होता.

५

"वैष्णवे, माझ्या वाकळीला हात लावला का तू?"

"मी काहून लावू? मला कुठं वाकता येऊन राहिलं, काकू?"

तिचं पोट बघून मीच ओशाळले. शिवाय ती उजव्या हाताची, आणि आईजवळ बसून कधी एक टाकाही शिकली नव्हती.

त्याच आठवड्यात पार्सलवाला देविदास आला. जवळच्या तांड्यावरचा, पन्नाशीतला शांत माणूस. या कामाला नुकताच लागला होता आणि आमच्या घरातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. पार्सलवर चिकटपट्टी ओढता ओढता तो म्हणाला, "ताई, बुधवारी बी आलतो मी. तुमी दोघी शिवून राहिल्या होत्या. मन लावून चाललं होतं, म्हणून आवाज न्हाई देला."

"दोघी कोण?"

"तुमी आन त्या समोरच्या बाई. माझ्याकडं पाठ होती त्यांची."

बुधवारी वैष्णवीला तपासणीला घेऊन संतराम कळमनुरीला गेले होते. घरात मी एकटी होते. हे मी देविदासला सांगितलं नाही. त्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. भर दुपार होती, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते. भ्यायला काही कारण नव्हतं, तरी समोरच्या काठाकडे बघायला मान वळेना.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सुयांत दोरा ओवला. ते सवयीनं नव्हतं, आणि पहिल्या दिवशीही नव्हतं. मला ती हवी होती. तीन वर्षं मी कोणासमोर बसले नव्हते.

६

चौथ्या वाकळीत समोरची बाजू एक वीत झाली. पाचवीत बरोबर अर्धी. मी तिकडं बघत असताना तिथं कधी काही हललं नाही. पाणी प्यायला उठले, कोणी हाक मारली, नुसती डुलकी लागली, की परत बघावं तोवर एक ओळ वाढलेली असायची.

तारे मात्र येत होते. 'नवीन विक्रेती' हे शब्द निघून गेले आणि वैष्णवीनं त्याचा पेढा मला भरवला. मग पाचव्या वाकळीला तीनच तारे आले. 'एक बाजू अप्रतिम, तिरके टाके मोत्यासारखे. दुसरी बाजू घाईत उरकलेली. दोघींपैकी एकीनंच मन लावून काम केलं आहे.'

मला राग आला. इतका, की भीती बाजूला राहिली. सरळ टाक्यांची बाजू माझी होती, आणि आयुष्यात माझ्या शिवणाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. दिवसभर मी भांडी आपटत होते. संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर राग निवला, आणि एकाच ताऱ्यानं तिला काय झालं असेल ते तेव्हा कुठं मला कळलं.

आणखी एक गोष्ट आठवली. खरं तर ती मी विसरलेच नव्हते. जुन्या दुकानात नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'तिरक्या टाक्यांवरून हात फिरवला की माझी आई आठवते. ज्या बाईंनी ते घातले त्यांना माझा नमस्कार सांगा.' त्या संध्याकाळी निर्मलाबाईनं विचारलं होतं, "आज काय आलं गं?" मी म्हणाले होते, "काही न्हाई आलं." माझ्या बाजूबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी समोरची सुई काढून डब्यात टाकली, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. वैष्णवीला सांगितलं, "आता बाळंतपण होईस्तोवर दुकान बंद."

७

पौषात वैष्णवीला मुलगा झाला. आई-लेकरू सुखरूप घरी आले. महिना होत आला तेव्हा ती म्हणाली, "काकू, बाळाची पहिली वाकळ माझ्या आईच्या पातळाची पाहिजे. ती असती तर तिनंच शिवली असती. तुमी शिवा."

याला नाही कसं म्हणायचं? ट्रंकेतून निर्मलाबाईचं निळं पातळ काढलं. बाळाची वाकळ ती केवढी, दोन हात लांब आणि दोन हात रुंद. एका दुपारीत होण्यासारखी. संतराम हळद शिजवायला शेतात होते. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात निजलं होतं. वैष्णवी न्हाणीत गेली आणि तिनं आतून कडी घातली. मी एकच सुई घेतली, एकच. आणि बसले.

चार ओळी झाल्या आणि मी डोकं वर केलं. समोरच्या काठावर चार ओळी होत्या.

कपाटात कुलूपबंद केलेली ती सुई तिथं होती. या वेळी मी बघत असतानाही ती थांबली नाही. माझ्या डोळ्यांदेखत निळं कापड आतून किंचित उचललं जायचं, सुईचं टोक वर यायचं, दोरा सर्रकन ओढला जायचा. सुईच्या मागे हवेशिवाय काही नव्हतं. फक्त त्या काठावरचे दगड बाजूला झाले होते, आणि तिथं कापड दोन ठिकाणी दबलं होतं, मांडी घातल्यावर गुडघ्यांखाली दबतं तसं.

तेवढ्यात बाळ रडलं.

मी उठणार होते. पण नियम मला पाठ होता, आणि तो तिलाही पाठ होता. मी उठले नाही. मी सुई चालवायला लागले. बोटात दोनदा टोचलं, निळ्यावर रक्ताचा ठिपका पडला, तरी चालवत राहिले. आधी मध्यावर पोचायचं आणि बाळाला घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. मी एक टाका घालावा तोवर समोर चार पडत होते. मोत्यासारखे, एकसारखे, जराही घाई नसलेले. मी एकवीस वर्षं या बाईसमोर बसले होते आणि तिचा हात असा चालतो हे मला माहीत नव्हतं. मग ती माझ्या मागं कशी राहायची? मी रोज आधी उठून तिची पोर छातीशी धरायचे, तेव्हा ती इथं बसून काय करत होती?

ती हात आखडून शिवत होती. पोर मला मिळावी म्हणून.

माझे डोळे भरून आले आणि समोरचं दिसेना. बाळ आता जोरात रडत होतं. मी मोठ्यानं बोलायला लागले. नागपूरच्या बाईंचे शब्द एक-एक म्हणाले, तो नमस्कारही सांगितला. "बाई, तुमची बाजू चांगलीच होती. माझ्यापेक्षा चांगली. मी वाचलं न्हाई तुमाला."

दोऱ्याचा आवाज थांबला. मी डोळे पुसले. ऐकलं तिनं, मला वाटलं. पोचलं.

मग मी वाकळीकडे पाहिलं. तिची सुई मध्यावर उभी टोचलेली होती. ती थांबली होती, कारण तिची बाजू पुरी झाली होती.

समोर कटकन गुडघा वाजला.

मी धडपडून उठायला गेले आणि ओढले जाऊन खाली बसले. माझा पदर वाकळीला शिवला होता. खांद्यापासून काठापर्यंत, तिरक्या टाक्यांनी. आतल्या खोलीच्या दाराचा पडदा हलला आणि पडद्याखाली क्षणभर एक टाच दिसली, भेगांत हळद भरलेली. मग पाळण्याची दोरी करकरली.

बाळ रडायचं थांबलं. हळूहळू नाही. कोणी छातीशी घेतल्यावर थांबतं तसं, हुंदक्याच्या मध्येच.

न्हाणीतून वैष्णवीनं हाक मारली, "काकू, उठलं का ते? घेतलं का त्याला?"



"व्हय," मी म्हणाले. "घेतलंय."

माझ्या बाजूच्या दोन ओळी उरल्या होत्या. त्या पुऱ्या केल्याशिवाय मला उठता येणार नव्हतं. मी सुई उचलली आणि जमेल तितक्या घाईनं शिवायला लागले.